शाळेत रोजच्या हवामान-नोंदी: जागा, उपकरणं आणि मुलांची आळीपाळी कशी लावावी?

भूगोल_आठवी_नववी (प्रश्न)

आठवी-नववीच्या मिळून २४ मुलांचा गट करून शाळेच्या आवारात रोजच्या हवामान-नोंदी सुरू करायच्या आहेत. पाऊस, कमाल-किमान तापमान, आर्द्रता, वाऱ्याची दिशा आणि ढग, एवढंच. तयार केंद्र विकत आणायचं नाही, जमेल तेवढं मुलांनीच बनवायचं असं ठरलंय.

जागा दोन आहेत. एक शाळेची गच्ची. इमारत साधारण ७ मीटर उंच आहे. दुसरी मैदानाचा कोपरा, तिथे गवत आहे पण चेंडू येतात. कुठली घ्यावी? बाटली कापून केलेला पर्जन्यमापक विश्वासार्ह असतो का? सुट्टीच्या दिवसांच्या नोंदींचं काय करायचं?

आणि खरी अडचण ही, की असे उपक्रम सुरुवातीला जोरात चालतात आणि मग सगळं काम दोन-तीन उत्साही मुलांच्या गळ्यात पडतं. नियमितपणा यावा म्हणून नोंदींना अंतर्गत गुण ठेवावेत, असं काही सहकारी सुचवतात. तुमचं मत सांगा.

नरसाळं

गच्ची नको. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती उष्णता सोडत बसतो, त्यामुळे किमान तापमान हमखास जास्त येतं. शिवाय इमारतीवर आदळलेला वारा कठड्यावरून वर उसळतो आणि थेंब पर्जन्यमापकावरून पुढे उडून जातात. पाऊस कमी भरतो, तोही दर वेळी वेगळ्या प्रमाणात. म्हणजे ठराविक आकडा मिळवून दुरुस्त करण्याचीही सोय नाही.

मैदानाचा कोपरा घ्या, पण इमारतीपासून अंतर मोजून. अडथळ्याचा माथा पर्जन्यमापकाच्या कडेपेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर हवं, जमलं तर चौपट. कड जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर ठेवलीत तर तुमच्या इमारतीसाठी फरक ६.७ मीटर. म्हणजे किमान १३.५ मीटर लांब, २७ मीटर मिळाले तर उत्तम. झाडालाही हाच नियम, आणि झाड वाढतं हे लक्षात ठेवा. कड ३० सेंटिमीटरपेक्षा खाली नेऊ नका, जमिनीवर आपटून उडालेलं पाणी आत जातं. फार वर नेली की पुन्हा वाऱ्याचा त्रास.

चेंडूंसाठी १ मीटर उंच जाळी लावा, पण तीही पर्जन्यमापकापासून चहूबाजूंनी दीड मीटर लांब. म्हणजे ३ बाय ३ मीटरचा चौक लागेल. पर्जन्यमापकावरच पिंजरा बसवण्याचा मोह होतो, तो टाळा. तारेवर अडकलेला थेंब कधी आत पडतो, कधी बाहेर.

आता बाटली. दोन लिटरची बाटली कापून तोंड उलटं बसवायचं आणि बाहेर पट्टी चिकटवायची, हा पुस्तकी प्रकार दाखवायला ठीक. पण तळ खाचांचा, मध्ये कंबर, त्यामुळे पट्टीवरचा १ सेंटिमीटर म्हणजे १० मिलिमीटर पाऊस असं होत नाही. बाटली फक्त पाणी साठवायला वापरा आणि रोज साठलेलं पाणी मोजपात्रात ओतून मोजा. पाऊस मिलिमीटरमध्ये = पाणी मिलिलिटरमध्ये × १० ÷ तोंडाचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये. नरसाळ्याचा आतला व्यास १० सेंटिमीटर असेल तर क्षेत्रफळ ७८.५, म्हणजे १ मिलिमीटर पाऊस = ७.८५ मिलिलिटर. व्यास २० असेल तर ३१.४ मिलिलिटर. मोठ्या तोंडाने बारीक पाऊस नेमका मोजता येतो, पण १०० मिलिमीटर पाऊस पडला की तीन लिटरच्या वर पाणी साठतं. १० सेंटिमीटरच्या नरसाळ्याखाली एक लिटरची बाटली १२७ मिलिमीटरला भरते. मुसळधार पावसाच्या भागात दोन लिटरचीच ठेवा.

सगळ्यात जास्त घोटाळा व्यासात होतो. मुलं बाहेरून मोजतात. आत १० आणि बाहेर १०.४ असेल तर क्षेत्रफळात ८ टक्क्यांचा फरक पडतो आणि वर्षभराचा प्रत्येक आकडा तेवढाच चुकतो. दोन आडव्या दिशांना आतून मोजून सरासरी घ्यायला लावा.

पसरट नरसाळ्यातून थेंब उसळून बाहेर जातात. त्यावर पीव्हीसी पाइपचा ५ सेंटिमीटर उंचीचा तुकडा उभा चिकटवला की ते थांबतं. मग क्षेत्रफळ त्या पाइपच्या आतल्या व्यासाचं धरा. ११० मिलिमीटरचा पाइप म्हणतात ते बाहेरचं माप असतं. कड कानशीने घासून पातळ करा आणि पाणसळ ठेवून आडवी आहे ना ते पाहा. बाटली अपारदर्शक डब्यात ठेवा, नाहीतर ऊन लागून पाणी उडून जातं.

वर्गाबाहेर

उपकरणांबद्दल वर आलंच आहे, मी माणसांबद्दल लिहितो. उपक्रम बंद पडतो तो माणसांमुळे.

नोंदींना गुण अजिबात नकोत. गुण लावले की कोरी राहायला हवी ती चौकटही भरली जाते, आणि खोटी नोंद एकदा वहीत शिरली की ती ओळखायला पुढे काही मार्ग राहत नाही. गुण द्यायचेच असतील तर सहामाहीत काढलेल्या आलेखाला आणि त्यावरच्या चार ओळींना द्या. कोरी चौकट ही चूक नसते, हे पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा आणि एखाद्या मुलाने "राहिलं" असं लिहिलं तर त्याला रागवू नका. सगळी वही या एका गोष्टीवर उभी आहे.

आळीपाळीचं म्हणाल तर १२ जोड्या करून प्रत्येकीला एक आठवडा, ही सोपी वाटणारी पद्धत फसते. दर सोमवारी दोन्ही मुलं कोरी असतात आणि शिकवणारं कुणी नसतं. त्याऐवजी साखळी लावा. प्रत्येक मुलाला सलग दोन आठवडे, पण दर सोमवारी एकच मूल आत येतं आणि एकच बाहेर पडतं. पहिल्या आठवड्यात ते शिकतं, दुसऱ्यात नव्या मुलाला शिकवतं. क्रम आठवी, नववी, आठवी, नववी असा लावला की प्रत्येक जोडी दोन वर्गांची होते आणि निम्म्या वेळा आठवीतलं मूल नववीतल्याला शिकवतं. सुरुवातीला नववीच्या मुलांना ते कमीपणाचं वाटतं, मग होतं नीट. २४ मुलांची साखळी २४ आठवड्यांत पूर्ण होते.

कुणी गैरहजर असेल तर पुढच्या सोमवारी ज्याची पाळी आहे ते मूल राखीव. "जो मोकळा असेल तो" असं कधीही ठेवू नका, कारण मोकळी नेहमी तीच दोन उत्साही मुलं असतात. त्यांना दुसरं काम द्या: महिन्याचा तक्ता, उपकरणांची सफाई, दर महिन्याची तपासणी. रोजची नोंद त्यांच्या हातात जाऊ देऊ नका.

नोंद घेताना एकाने वाचून आकडा मोठ्याने म्हणायचा, दुसऱ्याने तो परत म्हणून लिहायचा. मग दुसऱ्याने स्वतः वाचून ताळा करायचा. वही शाईच्या पेनाने. चुकलं तर एकच आडवी रेघ मारून शेजारी बरोबर आकडा. खोडरबर आणि पांढरा रंग वर्ज्य. पाऊस पडलाच नाही तर ०.०, मोजायचं राहिलं तर आडवी रेघ, भांडं नुसतं ओलसर झालं पण ०.१ मिलिमीटरही भरलं नाही तर "लेश". या तिन्हींतला फरक मुलांना पाठ हवा.

सुट्टीनंतर सोमवारी बाटलीत तीन दिवसांचं पाणी असेल, तर सोमवारच्या ओळीत एकूण आकडा आणि शेजारी "३ दिवस मिळून". तीनने भागून शनिवार-रविवारच्या चौकटी भरायच्या नाहीत. महिन्याच्या बेरजेला तो आकडा चालतो, "पावसाचे दिवस" मोजायला चालत नाही. कमाल-किमानचंही तसंच, तीन दिवसांतली एकच जोडी मिळते.

वेळ एकच ठेवा. शाळांसाठी १९९५ पासून चालू असलेल्या ग्लोब या आंतरराष्ट्रीय कार्यक्रमात तापमानाची नोंद स्थानिक सौर मध्यान्हाच्या आगेमागे तासाभरात घेतात. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे सौर मध्यान्ह. सूर्योदय ६:१० आणि सूर्यास्त १८:५० असेल तर ती १२:३०. मधल्या सुट्टीत बसते, म्हणून शाळेला सोयीची. फक्त एक लक्षात घ्या: दुपारी वाचलेलं कमाल बहुतेक वेळा काल दुपारचं असतं आणि किमान आज पहाटेचं. रकान्याचं नाव "आजचं कमाल" न ठेवता "मागच्या २४ तासांतलं कमाल" ठेवा.

भूगोल_आठवी_नववी

दोघांचेही आभार. साखळीची कल्पना फार आवडली, तसंच करतो. गुणांबद्दल सहकाऱ्यांना हीच पोस्ट दाखवणार आहे.

चाचणी म्हणून एक डिजिटल कमाल-किमान तापमापक पत्र्याच्या छोट्या पेटीत घालून लावला. दुपारी तो मोबाइलवरच्या तापमानापेक्षा ३-४ अंश जास्त दाखवतो. मुलांचं म्हणणं, आपला तापमापक बिघडलाय. आणि आर्द्रतेसाठी ओल्या फुग्याचा तापमापक (फुग्याला ओली मलमल गुंडाळलेला) ठेवलाय, त्याला किती वेळा पाणी घालायचं?

पारा_नको

तापमापक बिघडलाय की पेटी, हे आधी वेगळं करा. बर्फ बारीक कुटून पेल्यात गच्च भरा, फटी भरतील एवढंच गार पाणी घाला, तापमापकाचं टोक मधोमध धरून ढवळत राहा आणि आकडा स्थिर झाला की वाचा. ० च्या आगेमागे अर्ध्या अंशात आला तर शून्यापाशी तरी तो ठीक आहे. १.२ दाखवत असेल तर तो फरक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. टोक पेल्याच्या तळाला किंवा काचेला टेकवू नका, आणि बर्फ वर तरंगून खाली नुसतं पाणी राहिलं असेल तर ते वाचन धरू नका. हे काम त्या उत्साही मुलांना द्या, दर महिन्याला.

बहुधा दोष पेटीचा निघेल. पत्रा उन्हात तापतो, आतली हवा कोंडते आणि तुम्ही पेटीचं तापमान मोजता. हवेचं तापमान सावलीत, वाहत्या हवेत आणि जमिनीपासून १.२५ ते २ मीटर उंचीवर मोजतात. त्यासाठीच थॉमस स्टीव्हन्सन या अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात दुहेरी झडपांची पांढरी पेटी बनवली, ती अजून वापरात आहे. लाकडी पेटी करणार असाल तर दार उत्तर गोलार्धात उत्तरेला, म्हणजे उघडल्यावर ऊन आत येत नाही.

शाळेत करायला सोपं म्हणजे बशांचा मनोरा. कुंडीखाली ठेवतात तशा १८-२० सेंटिमीटर व्यासाच्या ८ पांढऱ्या प्लॅस्टिक बशा, पूर्ण आटे पाडलेल्या ३ सळ्या आणि नट-वॉशर. बशा उलट्या ठेवायच्या. वरच्या दोन अखंड, खालच्या सहांना मधोमध ७-८ सेंटिमीटरचं भोक. दोन बशांमध्ये दोनेक सेंटिमीटर फट, पण वरच्या बशीची कड खालच्या बशीच्या पाठीपेक्षा खाली यायला हवी. आडवं डोळ्यासमोर धरून पाहा: फटीतून पलीकडचं दिसलं तर ऊनही आत जाईल, नट फिरवून फट कमी करा. तापमापकाचं टोक भोकांच्या मधोमध लोंबकळत ठेवायचं, कुठेही टेकू द्यायचं नाही.

इथे फसतं ते बशीच्या प्लॅस्टिकमध्ये. बशी उन्हात धरून मागे बोट ठेवा. बोटाची सावली पुढून दिसली तर प्लॅस्टिक पातळ आहे, ऊन आरपार जातंय. वरच्या दोन बशांमध्ये स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियमचा कागद दाबून बसवला की काम भागतं.

एवढं करूनही मोबाइलशी आकडा जुळेलच असं नाही, आणि जुळायला नकोच. अॅपवरचा आकडा बहुतेक वेळा संगणकीय प्रारूपातून त्या भागासाठी काढलेला अंदाज असतो, तुमच्या मैदानावर कुणी मोजलेला नसतो. मुलांना हे नुसतं सांगू नका, महिनाभर दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहायला लावा. फरक ढगाळ दिवशी कमी आणि निरभ्र दुपारी जास्त दिसला, तर आडोशात अजून ऊन शिरतंय असा संशय घ्यावा.

ओला फुगा: प्रश्न पाणी किती वेळा घालायचा नसून कोणतं पाणी आणि कापड कधी बदलायचं हा आहे. साध्या पाण्यातले क्षार मलमलीवर साठतात, कापड कडक होतं, पाणी वर चढत नाही आणि ओला फुगा हळूहळू कोरड्यासारखा वागू लागतो. कोरडा ३० आणि ओला २४ असेल तर सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्के. कापड सुकल्यामुळे ओला २६ दाखवू लागला तर कोष्टक ७० च्या पुढे नेतं. हवा कोरडी आणि वहीत दमट! ऊर्ध्वपातित पाणी वापरा, कापड दोन आठवड्यांनी बदला, धूळ जास्त असेल तर आठवड्याने. कापड हाताने चोळून लावू नका, बोटाचं तेल लागतं.

पाऱ्याचे तापमापक जुन्या प्रयोगशाळेतून काढून वापरू नका. फुटला की वर्ग रिकामा करायची वेळ येते. पाऱ्यावरच्या २०१३ च्या मिनामाता करारानंतर त्यांचं उत्पादनही बंद होत आलंय.

शेवटचा_अंक

एक छोटी भर. तीन महिन्यांनी वहीतल्या तापमानांचे फक्त दशांश अंक मोजायला लावा: किती वेळा ०, किती वेळा १, असं ९ पर्यंत. डिजिटल तापमापकात दहाही अंक साधारण सारख्या वेळा यायला हवेत. काचेच्या तापमापकावर डोळ्यांनी वाचलेलं असेल तर ० आणि ५ चा ढीग दिसेल, म्हणजे मुलं अंदाजे वाचतायत. गणिताच्या तासाला वारंवारता सारणी शिकवायला याहून चांगला विदा मिळणार नाही, आणि कुणाकडे बोट न दाखवता सगळ्यांना चूक कळते.

काचेचा असेल तर आधी दशांश वाचायचा, मग पूर्ण अंश. श्वासाने आणि जवळ उभं राहिल्याने आकडा चढायला लागतो. डोळा द्रवाच्या टोकाच्या पातळीत हवा. बुटक्या मुलांसाठी खाली पाट ठेवा. चाकाच्या खुर्चीवरचं मूल गटात असेल तर चौकाचं फाटक ९० सेंटिमीटर रुंद आणि वाट टणक करा, आणि डिजिटलचा पडदा खाली, त्याच्या नजरेच्या उंचीवर लावा. संवेदक वर राहिला तरी वायर खाली आणता येते.

वाऱ्याचा वेग मोजायच्या फंदात पडू नका. प्रमाणित उंची १० मीटर आहे, मैदानाच्या कोपऱ्यात खांद्याएवढ्या उंचीवर मोजलेल्या वेगाची तुलना कशाशीच होत नाही. आजूबाजूच्या खुणांवरून वाऱ्याचा जोर ठरवणारी बोफर्टची श्रेणी पुरे: चेहऱ्याला वारा लागतो आणि पानं सळसळतात तो २, पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतात तो ३, धूळ आणि कागद उडतात तो ४. दिशा म्हणजे वारा *जिकडून* येतो ती. वातकुक्कुटाचं टोकही तिकडेच असतं, तरी निम्मी मुलं उलटं लिहितात. ढगांसाठी आकाशाचे मनाने आठ भाग करून किती झाकलेत ते ० ते ८ मध्ये. दोघांनी एकमेकांना न सांगता आधी आपापल्या तळहातावर लिहायचं आणि मग दाखवायचं. एकाचा फरक चालतो, तीनचा असेल तर दोघांनी पुन्हा पाहायचं.

वर्गाबाहेर

फळ्याबद्दल राहिलं होतं. प्रवेशद्वाराजवळ छोटा फळा, त्यावर तीनच ओळी: पाऊस, कमाल-किमान, आणि आज नोंद घेणाऱ्या दोघांची नावं. परिपाठात त्या जोडीने अर्ध्या मिनिटात वाचून दाखवायचं. माइकवर बोलायला घाबरणारं मूल असेल तर त्याने फळा लिहावा, जोडीदाराने वाचावा. "उद्या पाऊस पडेल" असलं भाकीत मात्र फळ्यावर नको. दोनदा चुकलं की सगळी शाळा टिंगल करते आणि मुलं मोजलेल्या आकड्यांबद्दलही बचावात जातात.

दर महिन्याला एका वेगळ्या वर्गाला त्यांचा प्रश्न विचारू द्या. गवतावर आणि फरशीवर किती फरक? खिडक्या उघड्या असलेल्या आणि बंद असलेल्या वर्गात? उत्तर गटाने मोजून द्यायचं. गटाबाहेरच्या मुलांना वहीशी काही देणंघेणं वाटू लागतं ते यातूनच.

आणि विजेचा नियम आधीच भिंतीवर लावा. गडगडाट ऐकू आला की नोंद रद्द, सगळे आत, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटांपर्यंत बाहेर पडायचं नाही. त्या दिवशी चौकटीत आडवी रेघ आणि शेजारी "वीज".

भूगोल_आठवी_नववी

बोटाची सावली बघितली, आरपार दिसते. कागद लावतो. मोठ्या सुट्टीत काय करायचं तेवढं सांगा, शाळा पूर्ण बंद असते.

नरसाळं

मोठ्या सुट्टीत वही बंदच ठेवा. आवारात राहणारं कुणी मनापासून तयार असेल तर त्यांना फक्त पाऊस मोजायला सांगा, तापमान नको. कुणी नसेल तर नरसाळं काढून आत ठेवा. उघडं राहिलं तर पाला अडकतो, बाटलीत डास होतात आणि पहिल्या दिवशी मुलं तेच हिरवं पाणी मोजून मोकळी होतात. पुन्हा सुरू करताना आतला व्यास परत मोजा, कड उन्हाने वाकलेली असू शकते.